खाणकामगाराची थोरली लेक

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, पेंट्सव्हिलच्या कोर्टात एका लग्नाची नोंद आहे. तारीख १० जानेवारी १९४८. नवरा ऑलिव्हर लिन, नवरी लोरेटा वेब. ही नोंद आणि लोरेटाचा जन्मदाखला असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं २०१२ मध्ये उजेडात आणला. तोवर तिचं लग्न तेराव्या वर्षी झालं असंच जग धरून चाललं होतं. तिच्या आत्मचरित्रात तसं होतं, त्यावरच्या सिनेमातही तसंच. दाखल्यावर मात्र जन्मतारीख निघाली १४ एप्रिल १९३२. म्हणजे लग्नात ती पंधरा वर्षांची होती, सोळा पूर्ण व्हायला तीन महिने बाकी होते.

या फरकावर तेव्हा बरीच चर्चा झाली. मला तो फरक फार मोठा वाटत नाही. पंधरा हेही काही संसाराचं वय नव्हे. आणि लोरेटा लिन या गायिकेचा खरेपणा तपासायचा तर तो वयाच्या आकड्यात तपासून भागत नाही, तिच्या गाण्यांतल्या घरात डोकवावं लागतं.

ते घर व्हॅन लिअर या कोळसा खाणीच्या गावाजवळ, बुचर हॉलर नावाच्या डोंगरकपारीत होतं. वडील मेल्विन वेब खाणीत राबत. आठ भावंडांत ही दुसरी, मुलींमध्ये थोरली. थंडी आत येऊ नये म्हणून आई भिंतींना जुनी वर्तमानपत्रं आणि मासिकांची पानं चिकटवायची. त्यातल्याच एका पानावर लोरेटा यंग या नटीचं छायाचित्र होतं, आणि आईनं तेच नाव लेकीला ठेवलं. घरात बॅटरीवर चालणारा रेडिओ आला आणि शनिवारी रात्री नॅशव्हिलहून ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा गाण्यांचा कार्यक्रम ऐकू येऊ लागला.

लग्नानंतर नवऱ्यानं तिला हजारो मैल दूर, वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टर गावी नेलं. तिथं एकामागून एक चार मुलं झाली. १९५३ मध्ये नवऱ्यानं १७ डॉलरची हार्मनी गिटार आणून दिली. तिला बोटं कुठं ठेवायची हे शिकवणारं कोणी नव्हतं. मुलं झोपली की ती स्वतःच चाचपडत शिकली. हा नवरा, सगळे त्याला ‘डूलिटल’ म्हणत, दारू प्यायचा, बाहेरख्यालीही होता. पण ही बाई गाऊ शकते हे सगळ्यांत आधी त्यानंच ओळखलं, त्यानंच तिला मंचावर उभं केलं. दोन्ही गोष्टी तिनं आयुष्यभर एकाच दमात सांगितल्या, आणि माझ्या मते तिच्या गाण्यांचं बळ तिथूनच आलं.

१९६० मध्ये ‘हॉन्की टॉन्क गर्ल’ ही पहिली रेकॉर्ड निघाली. कंपनी लहान, जाहिरातीला पैसा नाही. नवरा-बायको मोटारीत बसून गावोगावच्या रेडिओ केंद्रांवर गेले आणि आमचं गाणं वाजवा म्हणून विनवत राहिले. गाणं बिलबोर्डच्या कंट्री यादीत चौदाव्या क्रमांकावर चढलं. त्याच वर्षी ती ऑप्रीच्या मंचावर गायली. नॅशव्हिलमध्ये पॅट्सी क्लाइन या नावाजलेल्या गायिकेनं तिला थोरल्या बहिणीच्या मायेनं सांभाळलं. मार्च १९६३ मध्ये पॅट्सी विमान अपघातात गेली. पुढच्या वर्षी लोरेटाला जुळ्या मुली झाल्या, त्यांतल्या एकीचं नाव पॅट्सी.

तोवर कंट्री संगीतातली बायको बहुतेक वेळा रडून सोसायची. लोरेटाच्या गाण्यातली बायको दारात उभी राहून पिऊन आलेल्या नवऱ्याला परत पाठवते, आणि त्याच्यावर डोळा ठेवणाऱ्या बाईला सरळ ठोसा दाखवते. ‘फिस्ट सिटी’ (१९६८) हे गाणं अशाच एका खऱ्या बाईवरच्या रागातून तिनं लिहिलं.

‘कोल मायनर्स डॉटर’ या १९७० च्या गाण्यात तक्रारीचा सूर नाही. वडिलांचं कोळसा उपसणं, कपडे घासून घासून आईच्या बोटांतून आलेलं रक्त, अनवाणी उन्हाळे, सगळं नाव घेऊन सांगितलं आहे. मूळ गाणं बरंच लांब होतं. निर्माते ओवेन ब्रॅडली यांच्या सांगण्यावरून तिनं काही कडवी गाळली, आणि त्याची हळहळ तिला पुढे कायम राहिली. वडील १९५९ मध्येच वारले होते. लेकीचं यश त्यांनी पाहिलं नाही, आणि हे गाणंही त्यांच्या कानी पडलं नाही.

‘द पिल’ हे गाणं तिनं गायलं, लिहिलं मात्र दुसऱ्यांनी. अमेरिकेत संततिनियमनाच्या गोळीला १९६० मध्ये मान्यता मिळाली, पण डोंगरातल्या बाईपर्यंत ती पोहोचणं वेगळं. लोरेटाला स्वतःला सहा मुलं. १९७२ मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं हे गाणं कंपनीनं १९७५ पर्यंत अडवून ठेवलं. आल्यावर अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. तरीही ते कंट्री यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं. सरकारी पत्रकांपेक्षा तुमच्या गाण्यानं खेड्यांतल्या बायकांना ही गोष्ट जास्त समजावली, असं खेड्यांतले डॉक्टर आपल्याला सांगत, ही आठवण ती अभिमानानं सांगे. मला हा अभिमान रास्त वाटतो. १९७२ मध्येच कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातील सर्वोत्तम कलावंताचा सन्मान मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली होती.

१९८० च्या सिनेमात तिची भूमिका करणाऱ्या सिसी स्पेसेकला ऑस्कर मिळालं. १९९६ मध्ये डूलिटल गेला. बहात्तराव्या वर्षी, रॉक संगीतातल्या जॅक व्हाइटबरोबर तिनं ‘व्हॅन लिअर रोझ’ हा अल्बम केला. त्यातली गाणी तिनं स्वतः लिहिली होती, आणि त्याला दोन ग्रॅमी मिळाले.

टेनेसीतल्या हरिकेन मिल्स इथं तिचा मोठा वाडा होता. त्याच आवारात तिनं बुचर हॉलरच्या झोपडीवजा घराची हुबेहूब प्रतिकृती बांधून घेतली होती. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ती झोपेतच गेली. तिचं दफन त्याच जमिनीत, डूलिटलच्या शेजारी झालं.