सिंक म्हणजे बॅकअप नव्हे! संशोधनाच्या फायली अशा जपा

वाई हे ज्ञानाचं गाव. मराठी विश्वकोशाचं काम इथूनच चाललं, १९७६ साली पहिला खंड निघाला. आज तोच विश्वकोश मोबाईलवरही वाचता येतो. कागद किती नाजूक असतो, हे कृष्णाकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली.

आज आपल्या घरांतली मुलं-मुली पीएच.डी. करत आहेत. कुणी बुजुर्गांच्या मुलाखती रेकॉर्ड करतं, कुणी जुन्या उर्दू, मोडी कागदांचे फोटो काढतं. पूर्ण झालेला प्रबंध 'शोधगंगा'वर जातो, पण हा कच्चा माल एकाच लॅपटॉपमध्ये पडून राहतो. लॅपटॉप बिघडला की वर्षांची मेहनत गेली. मुलाखत देणारे बुजुर्ग हयात नसतील, तर ती पुन्हा मिळणारही नाही.

गुगल ड्राइव्हवर १५ जीबी जागा मोफत मिळते. मात्र जीमेल आणि फोटोही त्यातच मोजले जातात. वनड्राइव्ह ५ जीबी देतं. लॅपटॉपवर ड्राइव्हचं ॲप टाकून फोल्डर जोडलं, की केलेला बदल आपोआप वर जातो. यालाच सिंक म्हणतात.

घोटाळा इथेच होतो. सिंक हा आरसा आहे. लॅपटॉपवर फाईल चुकून उडवली, की ती ड्राइव्हवरूनही उडते. गुगलच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, त्यानंतर कायमची जाते. म्हणून जाणकार ३-२-१ चा नियम सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. म्हणजे एक लॅपटॉपवर, एक क्लाउडवर आणि एक हार्ड डिस्कवर. ही डिस्क दर जुम्म्याला जोडा, कॉपी करा आणि काढून ठेवा. कायम जोडून ठेवली तर व्हायरस तिच्यातही शिरतो.

आणखी तीन गोष्टी:

• फाईलच्या नावात तारीख लिहा. 'फायनल', 'नवीन फायनल' असं नको.

• खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा आणि बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा. दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल बंद करू शकतं.

• मुलाखतीचं फोल्डर 'लिंक असलेल्या कुणालाही' असं खुलं ठेवू नका. बुजुर्गांनी विश्वासाने सांगितलेलं असतं, ती अमानत आहे.

आणि महिन्यातून एकदा हार्ड डिस्कवरची एखादी फाईल उघडून बघा. उघडली, तरच तो बॅकअप.