भिंतीवर लिहिलेले : वारली चौक आणि उपनगरातील सार्वजनिक चित्रे



बोरिवली, गोरेगाव, अंधेरी या भागांतून प्रवास करताना पुलांच्या खांबांवर, शाळांच्या कुंपणभिंतींवर गेरूच्या रंगात पांढऱ्या रेषांची माणसे आपण पाहिली असतील. टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांचे धड, काडीसारखे हातपाय, मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची माळ. ही वारली चित्रे, हे आपण जाणतो. परंतु ज्या समाजाची ही चित्रे आहेत, तो या कृतीला कोणते क्रियापद वापरतो?

वारली समाजात लग्नाचा चौक ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’. शेण व गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवासिनी तांदळाच्या पिठाने तो लिहितात. मध्यभागी पालघाट देवी असते. लग्नविधीची गाणी धवलेरी म्हणते. चौकावाचून लग्न होत नाही. हा प्रयोग विचित्र मानण्याचे कारण नाही. संस्कृत ‘लिख्’ या धातूच्या जुन्या अर्थांत ओरखडणे, रेघ ओढणे हे येतात. ‘आलेख’, ‘चित्रलेखा’ या शब्दांत त्याची खूण आहे. मिथिलेतही भिंतीवरील चित्रणास ‘लिखिया’ म्हणतात. आजच्या प्रमाण मराठीने ‘लिहिणे’ अक्षरांपुरते राखले आणि पिढ्यान्‌पिढ्या भिंती लिहिणाऱ्या स्त्रियांना निरक्षर ठरवून ती मोकळी झाली.

१९७०च्या दशकारंभी भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही कला कागदावर आली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी विधीबाहेरचे विषय हाताळले; २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कलावंताला नाव मिळाले, चार पैसेही मिळू लागले. मात्र ‘लिहिणारी’चा ‘चित्रकार’ झाला. क्रियापदाबरोबर लिंगही बदलले, हे नजरेआड करू नये.

साधारण याच सुमारास, १९७१ मध्ये, ऑस्ट्रेलियातील पापुन्या येथे तेथील आदिवासींनी शाळेच्या भिंतीवर मधमुंग्यांच्या पुराणकथेचे भव्य चित्र रंगवले. पुढे ते रंग फासून बुजवण्यात आले. भिंत कोणाची, हा प्रश्न तेथे उघडपणे उभा राहिला.

आपल्याकडे तो झाकलेला राहतो. आरे परिसरात आणि राष्ट्रीय उद्यानात वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी यांचे पाडे आहेत. मेट्रोच्या कारशेडसाठी प्रजापूरपाड्यातील कुटुंबांना घरे सोडावी लागली; ऑक्टोबर २०१९ मध्ये तेथे दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. दुसरीकडे उपनगरातील सुशोभनात वारली आकृत्या मुक्तपणे वापरल्या जातात आणि त्या रंगवणारा वारलीच असेल, असे नाही. माझ्या मते आकार उसना घेणे हा दोष नव्हे. पण ज्यांच्याकडून तो घेतला त्यांना न विचारणे, त्यांचे नाव न लिहिणे आणि कामही न देणे, हा आहे.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील असे एक भित्तिचित्र निवडा. त्यावर कोणाचे नाव आहे, ते पाहा. चित्रातील झाडे, प्राणी व वाद्ये यांची जवळच्या पाड्यावर वापरात असलेली नावे तेथील एखाद्या वृद्धेला विचारा आणि ती तिच्या उच्चाराप्रमाणे टिपून घ्या.