जहाज ‘रोम’चं, धक्का चिविताव्हेकियाचा

क्रूझच्या माहितीपत्रकावर ‘रोम’ हे नाव ठळक छापलेलं असतं. शेजारी कंसात, बारीक अक्षरांत, दुसरं एक नाव असतं: चिविताव्हेकिया. हॉटेल शोधायला बसलेला माणूस ठळक नाव वाचतो, बारीक नाव सोडून देतो आणि ‘रोम, बंदराजवळ, स्वस्त’ असं शोधू लागतो. रोमला बंदर नाहीच. क्रूझवर जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या वाढते आहे, आणि जहाजाच्या केबिनचा महिनाभर अभ्यास करणारी मंडळी आदल्या रात्रीचं हॉटेल मात्र पाच मिनिटांत ठरवून टाकतात. त्यामागचे काही ठाम समज तपासून पाहू.

गैरसमज : तिकिटावर जे शहर, तिथूनच जहाज सुटतं.

काही ठिकाणी सुटतं, बऱ्याच ठिकाणी नाही. रोम तिबर नदीकाठी आहे. त्याचं क्रूझचं बंदर म्हणजे चिविताव्हेकिया, रस्त्यानं साधारण ७५ किलोमीटर दूर. सम्राट ट्राजाननं दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला ते बांधून घेतलं, म्हणजे ही सोय जुनीच आहे. नवखे असतो ते आपण.

हीच तऱ्हा इतरत्रही. ‘लंडन’ लिहिलेली बरीच जहाजं साउदॅम्प्टनहून निघतात, सुमारे १३० किलोमीटरवरून. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, अंतर दोनशेच्या घरात. ‘बर्लिन’ म्हणजे बाल्टिक समुद्रावरचं वार्नेम्युंडे, तेही दोनशेच्या पुढे. ‘बँकॉक’ म्हणजे पुष्कळदा लेम चबांग, सव्वाशेच्या आसपास.

व्हेनिसची गोष्ट सर्वांत फसवी, कारण तिथं पूर्वी खरोखरच मोठी जहाजं सान मार्को चौकासमोरून जात. ती छायाचित्रं अजून फिरत असतात. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांहून मोठ्या किंवा १८० मीटरहून लांब जहाजांना त्या मार्गावर बंदी आहे. त्यामुळे काही जहाजं पलीकडच्या मार्गेरा या औद्योगिक बंदरात लागतात, तर काही थेट रावेन्ना किंवा त्रिएस्तेला. ही दोन्ही गावं व्हेनिसपासून दीडशेच्या आसपास किलोमीटरवर आहेत. सान मार्कोजवळ खोली घेतलेल्या माणसाला सकाळी आधी जलबस, मग मोठी बस किंवा आगगाडी असा प्रवास घडतो. व्हेनिसमध्ये राहूच नये असं नाही. पण मग सकाळी बंदरावर पोहोचण्याचा हिशेब आदल्या रात्री नव्हे, बुकिंग करतानाच मांडायला हवा.

म्हणून हॉटेल शोधण्याआधी बंदराचं आणि टर्मिनलचं नेमकं नाव बघायचं. ते बोर्डिंग पासवर असतं. टर्मिनल शेवटच्या काही दिवसांत बदलूही शकतं, तेव्हा निघण्याआधी पुन्हा एकदा पाहिलेलं बरं.

गैरसमज : मग बंदराच्या गावातच राहिलेलं शहाणपणाचं.

ऐकायला पटतं, पण बहुतेकांसाठी खरं नाही. क्रूझचं बोर्डिंग साधारण दुपारी बाराच्या सुमारास सुरू होतं, जहाज संध्याकाळी निघतं. रोमहून चिविताव्हेकियाला प्रादेशिक गाडीनं तास-सव्वा तास लागतो. नाश्ता करून नऊ-दहाला निघालात तरी वेळ पुरतो. चिविताव्हेकिया तसं बरं गाव आहे, किल्ला आहे, समुद्रकाठी फिरता येतं. पण मुंबईहून इतका प्रवास करून आलेल्या माणसानं रोममधली एक संध्याकाळ सोडून तिथं बसावं असं काही नाही. ज्यांनी रोम आधी पाहिलंय, ज्यांच्यासोबत थकलेले आई-वडील आहेत, किंवा ज्यांच्या निघण्याच्या दिवशी रेल्वेचा संप जाहीर झालाय, त्यांनी मात्र खुशाल बंदराच्या गावात उतरावं.

आता रोममध्येच राहायचं ठरलं, तर कुठं? इथं बहुतेक जण स्पॅनिश स्टेप्स किंवा त्रेव्ही कारंज्याजवळचं हॉटेल बघतात. जागा सुंदर, पण तिथली सकाळ बॅगांसकट आठवून बघा. रोमच्या जुन्या भागातले रस्ते सांपिएत्रिनी नावाच्या काळ्या दगडी ठोकळ्यांचे आहेत. चार चाकांची मोठी बॅग त्यांवरून शंभर पावलं ओढलीत की चाकांचा आणि मनगटाचा जीव निघतो.

त्याऐवजी नकाशावर एफएल-५ ही रेल्वेमार्गिका शोधा. चिविताव्हेकियाच्या गाड्या याच मार्गावरून जातात: तेर्मिनी, मग ओस्तिएन्से, त्रास्तेव्हेरे, सान पिएत्रो आणि पुढे किनाऱ्याकडे. या चारांपैकी कुठल्याही स्थानकापासून जवळ खोली मिळाली तर सकाळ सोपी होते. तेर्मिनी हे मुख्य स्थानक. गाडी तिथून सुटते, त्यामुळे बसायला आणि बॅगा ठेवायला जागा मिळते. आजूबाजूला हॉटेलं भरपूर आणि भारतीय जेवणही सापडतं. परिसर मात्र देखणा नाही, आणि खिसेकापूंपासून सावध राहावं लागतं. सान पिएत्रो व्हॅटिकनपासून चालत जाण्याजोगं. व्हॅटिकन संग्रहालय बघायचं असेल, तर माझं मत या भागाला. तिथं गाडी भरून येते एवढंच.

त्रास्तेव्हेरेचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. फ्युमिचिनो विमानतळावरून येणारी एफएल-१ ही साधी गाडी तेर्मिनीला जातच नाही. ती त्रास्तेव्हेरे, ओस्तिएन्सेवरून पुढे जाते. म्हणजे त्रास्तेव्हेरे स्थानकाजवळ राहिलात तर विमानतळावरून एका गाडीनं थेट येता आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच दुसऱ्या गाडीनं थेट बंदराकडे जाता. फक्त स्थानक आणि त्या नावाची जुनी, गजबजलेली वस्ती यांत बरंच अंतर आहे. ते ८ नंबरची ट्राम तोडते.

कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर खरं तिकीट खिशात असूनही दंड होतो. चिविताव्हेकियाला उतरल्यावर बंदराच्या लार्गो देल्ला पाचे या थांब्यापर्यंत बस आहे, आणि तिथून जहाजापर्यंत बंदराची मोफत बस. स्थानकातून जहाज दिसलं म्हणून चालत सुटू नका.

गैरसमज : विमानतळाजवळचं हॉटेल सगळ्यांत सोयीचं.

नकाशावर फ्युमिचिनो आणि चिविताव्हेकिया एकाच किनाऱ्यावर दिसतात, म्हणून ही कल्पना सुचते. रेल्वेनं मात्र सहसा आधी शहराच्या दिशेला त्रास्तेव्हेरेपर्यंत यावं लागतं आणि तिथं गाडी बदलून पुन्हा किनाऱ्याकडे. टॅक्सी किंवा व्हॅननं रस्ता तासाभराचा आहे. सहा-आठ जणांचं कुटुंब असेल, विमान रात्री उशिरा उतरणार असेल आणि व्हॅन ठरवणार असाल, तर विमानतळाजवळ राहण्यात अर्थ आहे. दोघांसाठी नाही.

गैरसमज : त्याच दिवशी सकाळी उतरलो की एका रात्रीचे पैसे वाचतात.

वाचतात, सगळं वेळेवर झालं तर. जहाजाचं चेक-इन ते निघण्याच्या तासभर किंवा त्याहूनही आधी बंद होतं, आणि तुम्ही स्वतः काढलेल्या विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही. पुढचं बंदर गाठायचा खर्चही आपलाच. आपल्याकडून युरोपला जाताना बरेच जण आखाती देशांत विमान बदलतात, आणि बॅग मागे राहण्याची शक्यता विमान बदलतानाच सर्वांत जास्त. शहरात एक रात्र असेल तर विमान कंपनी हरवलेली बॅग हॉटेलवर आणून देते. चालत्या जहाजावर ती कुठं आणून देणार?

युरोपसाठी मी दोन रात्री सुचवेन. पहिली रात्र झोपेत जाते.

गैरसमज : समुद्रकाठचं हॉटेल म्हणजे जहाजाजवळचं हॉटेल.

बार्सिलोनात बंदर शहरातच आहे, त्यामुळे हा समज तिथं पक्का होतो. ला रांब्ला रस्त्याच्या टोकाशी कोलंबसचा उंच खांब आहे, त्याच्याजवळ हॉटेल मिळालं की ‘बंदर समोरच’ असं वाटतं. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या टर्मिनलला लागणाऱ्या जहाजांबाबत ते खरंही आहे. मोठी जहाजं मात्र मोल अदोसात या लांब धक्क्यावर लागतात. तो पुलापलीकडे आहे, तिथं बॅगा घेऊन कुणी चालत जात नाही. कोलंबसच्या खांबापासून बस आहे, टॅक्सीही आहे.

सिंगापूरमध्ये घोटाळा नावांचा. क्रूझ सुटते मरिना बे क्रूझ सेंटरहून, आणि आपल्या डोळ्यांसमोर येतं माथ्यावर बोट ठेवल्यासारखं दिसणारं मरिना बे सँड्स हॉटेल. दोन्ही एक नव्हेत. क्रूझ सेंटर २०१२ साली मरिना साउथ भागात सुरू झालं, जवळचं मेट्रो स्थानक मरिना साउथ पिअर. सँड्सचं स्थानक बेफ्रंट, तेही वेगळ्या मार्गिकेवर. शिवाय सिंगापुरात हार्बरफ्रंटला दुसरंच एक क्रूझ टर्मिनल आहे. तिथून बाटामच्या फेरी बोटीही सुटतात, म्हणून टॅक्सीवाल्याला नुसतं ‘क्रूझ टर्मिनल’ सांगणं धोक्याचं.

आपली मंडळी जेवणासाठी आणि मुस्तफा सेंटरमधल्या खरेदीसाठी लिटल इंडियात राहतात, ते योग्यच आहे. हार्बरफ्रंटला जायचं तर तिथून मेट्रो थेट आहे. मरिना साउथ पिअरला जायचं तर धोबी घाट स्थानकावर नॉर्थ-साउथ मार्गिका धरायची. बॅगा जास्त असतील तर टॅक्सी. शहर एवढं आटोपशीर आहे की हॉटेल कुठंही घ्या, जहाज चुकणार नाही. रोमला घ्यायची ती काळजी इथं घ्यायची गरज नाही.

गैरसमज : मुंबईत बोट म्हणजे गेटवे.

गेटवेवरून एलिफंटा आणि मांडव्याच्या लाँच सुटतात. मांडव्याची रो-रो भाऊच्या धक्क्यावरून निघते. क्रूझ मात्र बॅलार्ड पिअरहून, जिथल्या नव्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. गेटवेसमोर महागडी खोली घेण्यात मौज असेल, जवळ पडते म्हणून तिची गरज नाही. फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, सीएसएमटी हा परिसर जहाजाला जास्त जवळचा.

विमानानं येणाऱ्यांना अंधेरी-विलेपार्ल्याचं हॉटेल घ्यायची सवय असते. पूर्वी हा सल्ला मी कुणालाच दिला नसता. सकाळच्या गर्दीत तिथून फोर्ट गाठणं म्हणजे नशिबाची परीक्षा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो-३ कफ परेडपर्यंत सुरू झाली, विमानतळाची स्थानकं आणि सीएसएमटी एका मार्गावर आले, त्यामुळे आता ते हॉटेल चालण्यासारखं आहे. पुण्याहून येणाऱ्यांना तर हॉटेलची गरजच पडत नाही. सकाळची गाडी सीएसएमटीला दुपारच्या आत पोहोचवते. नागपूर, लातूर, नांदेडकडच्यांनी मात्र रात्रीच्या गाडीच्या भरवशावर न राहता आदल्या दिवशी यावं.

गैरसमज : हॉटेलचा दर म्हणजे हॉटेलचा खर्च.

रोममध्ये शहराचा कर वेगळा, माणशी आणि रात्रीप्रमाणे, हॉटेलच्या ताऱ्यांनुसार १० युरोपर्यंत. तो हॉटेलवरच भरायचा. दहा वर्षांखालील मुलांना माफ आहे. दुसरं, दोघांच्या खोलीत चौघं आणि एक गादी खाली, ही आपली पद्धत तिथं चालत नाही. खोलीत किती माणसं राहणार याची नोंद कायद्यानं करावी लागते, त्यासाठी पासपोर्टही मागतात. तो सकाळी परत हातात आहे ना, हे बॅगा उचलण्याआधी बघा. त्याशिवाय जहाजावर प्रवेश नाही.

आदल्या रात्रींचा व्हिसाशीही संबंध आहे. शेंगेनचा अर्ज ज्या देशात मुक्काम जास्त त्या देशाकडे करायचा असतो. मुक्काम समसमान असेल तर जिथं पहिला प्रवेश त्या देशाकडे. रोममध्ये दोन रात्री वाढवल्या की पारडं इटलीकडे झुकू शकतं. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमाही क्रूझच्या तारखेपासून काढून चालत नाही, त्यात हॉटेलचे दिवस धरावे लागतात.

क्रूझ कंपनी स्वतःचं हॉटेल आणि तिथून जहाजापर्यंतची बस असं एकत्र विकते. ज्येष्ठ जोडप्यासाठी ते पैसे वाया जात नाहीत. चौघांच्या कुटुंबानं मात्र आधी खाजगी व्हॅनचा दर विचारून घ्यावा, कारण कंपनी माणशी पैसे लावते आणि व्हॅन गाडीचे.

राहता राहिला इटलीतला रेल्वेचा संप. तो आधी जाहीर होतो आणि बरेचदा शुक्रवारी असतो. संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक गाड्या धावतातच. तुमच्या जहाजाच्या दिवशी, कामाच्या वारी, संप आला आणि खोली रोममध्येच असेल, तर ती बदलायलाच हवी असं नाही; नाश्ता सोडा आणि नऊच्या आतली गाडी धरा.