फ्लॉपीतल्या ओव्या

आमच्या मालवणात पावसाळा सुरू झाला की बुरशी कशालाच सोडत नाही. चपला, पुस्तके, कॅमेऱ्याचे भिंग, सर्वांवर तिचे राज्य. गेल्या वर्षी काकांच्या पेटीतील दोन फ्लॉपींवरही ती आढळली आणि ह्या लेखास निमित्त मिळाले.

काकांनी १९९७ साली आजीच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. त्या संगणकावर टंकित करून एका साडेतीन इंची फ्लॉपीत ठेवल्या. दुसरीत त्यांची प्रत. मूळ वही वाळवीने संपवली. आजीही आता नाही. पेटी उघडताच काका म्हणाले, "पावसान सगळा खाल्ल्यान!"

परंतु सगळे गेले नव्हते. फ्लॉपीच्या आत चुंबकीय लेप दिलेली पातळ चकती असते. तिच्यावर अवघे १.४४ एमबी मावते; आजच्या १६ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये अशा दहा हजारांवर फ्लॉपी सामावतील. बुरशी लागलेली चकती तशीच यंत्रात घातली, तर वाचणारे टोक तिच्यावर घासते, स्वतः माखते आणि पुढची फ्लॉपीही बिघडवते. म्हणून आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या कापसाने चकती हलक्या हाताने पुसली व वाळू दिली. कोपऱ्यातील खिटी सरकवून भोक उघडे केले. मग तिच्यावर चुकूनही काही लिहिले जात नाही. यूएसबीने जोडावयाच्या फ्लॉपी ड्राइव्हवर नव्या संगणकात तिची जशीच्या तशी प्रतिमा घेतली. पहिलीतील जे भाग वाचता आले नाहीत, त्यांपैकी बहुतेक दुसरीत शाबूत निघाले.

फाइल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक पसारा! कारण असे की, त्या काळी प्रत्येक मराठी सॉफ्टवेअरची अक्षरमांडणी निराळी असे. आपला 'क' एखाद्या इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर बसवलेला. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण छपाईच्या दुकानांत ते येण्यास पुढे बरीच वर्षे लागली.

तेव्हा काकांचा जुना संगणकच हवा होता. ते सॉफ्टवेअर फक्त त्याच्यावर, प्रिंटरच्या खाचेत लावलेल्या कुलुपासह चालते. त्याला यूएसबीची खाच नाही आणि त्याचा फ्लॉपी ड्राइव्हही निकामी. इथे 'गोटेक' नावाचे लहानसे यंत्र कामी आले. ते जुन्या ड्राइव्हच्या जागी, त्याच वायरीला बसते. त्यात पेनड्राइव्ह खोचावयाचा, बटणाने प्रतिमेचा क्रमांक निवडावयाचा. दशावतारातला नट राजाचा वेश चढवून उभा राहिला की प्रेक्षक त्याला राजाच मानतात; तसा जुना संगणक पेनड्राइव्हलाच फ्लॉपी मानतो.

ओव्या पडद्यावर उमटल्या. काका वाचीत गेले आणि मी शेजारी बसून त्या युनिकोडमध्ये टंकित केल्या. चार ओव्या अर्ध्याच मिळाल्या. काकांना त्या आठवत नाहीत. आठवणारी व्यक्ती उरली नाही.

वाचकहो, सोनीने जपानमध्ये फ्लॉपीची विक्री २०११ साली थांबवली. आपल्या घरात वा कार्यालयाच्या कपाटात अशा चकत्या पडून असतील, तर येत्या पावसाळ्यापूर्वी त्या बाहेर काढा. नवी प्रत युनिकोडमध्ये करा, दोन ठिकाणी ठेवा आणि एक कागदावरही छापून घ्या. मात्र जुना संगणक भंगारात देण्याची घाई करू नका. त्या चकतीवरचे मराठी वाचता येणारा कदाचित तोच शेवटचा असेल.