हॅरी पॅच : खंदकातून परतलेला प्लंबर

२५ जुलै २००९ रोजी इंग्लंडमधल्या वेल्स गावी हॅरी पॅच वारले. वय १११. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीच्या खंदकांत लढलेला शेवटचा ब्रिटिश सैनिक गेला, अशी बातमी जगभर छापून आली. बातमी खरी होती. पण खंदकांत हॅरी जेमतेम चार महिने होते. नळकाम मात्र त्यांनी चाळीसहून अधिक वर्षं केलं. म्हणून त्यांची ओळख मला त्यांच्या धंद्यापासून करून द्यावीशी वाटते.

जन्म १७ जून १८९८ चा, बाथ शहराजवळच्या कूम डाउनचा. वडील पाथरवट. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि हॅरी बाथमध्ये एका प्लंबरच्या हाताखाली उमेदवारीला लागले. त्या काळी पाण्याचे नळ शिशाचे. दोन नळ जोडायचे तर वितळलेला डाख सांध्यावर ओतायचा आणि तो थिजायच्या आत चरबी चोपडलेल्या जाड कापडाच्या घडीने हात फिरवत सांधा गोल, गुळगुळीत करायचा. डाख फार तापलेला असला तर ओघळून जातो, निवला तर त्याचा गोळा होतो. हे काम पुस्तकातून येत नाही, हात बसावा लागतो.

हात बसत होता तोच, १९१६ च्या ऑक्टोबरात, सक्तीच्या भरतीने त्यांना गाठलं. पुढच्या जूनमध्ये ते बेल्जियममध्ये ईप्रच्या आघाडीवर होते. काम मिळालं लुइस मशीनगनवर, ‘नंबर दोन’चं. ही बंदूक साधारण तेरा किलोंची, वर ४७ गोळ्यांची गोल थाळी. गोळ्या झाडणार नंबर एक. नंबर दोनने थाळ्या बदलायच्या, सुटे भाग वागवायचे आणि बंदूक अडकली की ती चालू करून द्यायची. कारागिराला साजेसं काम, पण कुठल्या कामी लागलेलं!

पाच जणांच्या त्या टोळीने आपसांत ठरवलं होतं की, टाळता येईल तोवर माणूस मारायचा नाही, पायावर नेम धरायचा. संगीन रोखून एक जर्मन शिपाई अंगावर धावून आला, तेव्हा हॅरींनी आधी त्याच्या खांद्यावर आणि मग पायावर पिस्तूल झाडलं. त्याला ठार करणं अधिक सोपं होतं. हॅरींच्या थोरवीचा दाखला म्हणून मला एवढी एक गोष्ट पुरेशी वाटते.

२२ सप्टेंबर १९१७ च्या रात्री आघाडीवरून परतताना टोळीवर तोफगोळा फुटला. तिघे जागीच गेले. हॅरींच्या जांघेत धातूचा तुकडा घुसला होता. चौघांनी धरून ठेवलं आणि डॉक्टरांनी भूल न देता तो काढला. सारा देश ११ नोव्हेंबर हा युद्धविरामाचा दिवस पाळतो. हॅरींचा स्मरणदिन मात्र कायम २२ सप्टेंबर राहिला.

१९१९ मध्ये त्यांनी एडाशी लग्न केलं. दोन मुलगे झाले, पुन्हा नळकाम सुरू झालं. ब्रिस्टल विद्यापीठाच्या विल्स मेमोरियल इमारतीच्या उंच मनोऱ्यावर त्यांनी काम केलं. इमारतीचं उद्घाटन १९२५ मध्ये राजा पाचव्या जॉर्जच्या हस्ते झालं. दुसऱ्या महायुद्धात ते बाथमध्ये अग्निशमन दलात राबले. एप्रिल १९४२ च्या बाँबवर्षावात शहर पेटलं तेही त्यांनी पाहिलं. मग स्ट्रीट गावी स्वतःचा धंदा, आणि पासष्टाव्या वर्षी निवृत्ती. एडा १९७६ मध्ये गेल्या. पन्नासहून अधिक वर्षांच्या संसारात युद्धाविषयी त्यांच्यापाशीही हॅरींनी तोंड उघडलं नव्हतं. दोन्ही मुलगेही त्यांच्या डोळ्यांदेखत गेले.

वयाची शंभरी झाल्यावर, १९९८ मध्ये, ते पहिल्यांदा बोलले, तेही बीबीसीच्या माहितीपटासाठी. वृद्धाश्रमातल्या त्यांच्या खोलीसमोर कपड्यांची एक खोली होती. रात्री तिथला दिवा लागला की अर्धवट झोपेत त्यांना तोफगोळा फुटल्याचा भास होई. ऐंशी वर्षं उलटली होती, तरीही!

२००४ मध्ये ते बेल्जियममध्ये शार्ल कुंट्झना भेटले. कुंट्झ अल्सेसचे, जर्मनीच्या बाजूने लढलेले, वय १०७. पुढे २००८ मध्ये लांगेमार्कजवळ, ऑगस्ट १९१७ मध्ये ज्या स्टीनबीक ओढ्यापलीकडे त्यांची पलटण गेली होती त्याच्या काठी, हॅरींनी सोबत्यांसाठी स्मृतिशिला उभारली. त्याच वर्षी ब्रिस्टलला विल्स मनोऱ्याचे नवे दिवे लावायचा मान त्यांना मिळाला. त्याआधी, २००५ मध्ये, विद्यापीठाने मानद पदवीही दिली होती. इमारत बांधणाऱ्या हातांची एवढी आठवण कुणी क्वचितच ठेवतं.

६ ऑगस्ट २००९ रोजी वेल्सच्या कॅथेड्रलमध्ये अंत्यविधी झाला. हॅरींच्या इच्छेप्रमाणे एकही शस्त्र, अगदी शोभेचंसुद्धा, तिथे नव्हतं. ब्रिटिश जवानांबरोबर बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनीचे जवान मानवंदनेला हजर होते. मंक्टन कूमच्या चर्चच्या आवारात त्यांचं दफन झालं.

रिचर्ड व्हॅन एम्डन यांच्यासोबत लिहिलेलं ‘द लास्ट फायटिंग टॉमी’ हे त्यांचं आत्मकथन २००७ मध्ये निघालं. ते जरूर वाचा, आणि लढाईच्या पानांपाशी पोहोचायच्या घाईत बालपणाची आणि नळकामाची पानं गाळू नका.