टांकसाळीची चूक की नंतरची इजा?

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचे पोफळी कोयनेच्या विजेसाठी प्रसिद्ध आहे. तेथील दुकानाच्या गल्ल्यात काय किंवा एखाद्या देरासराच्या भंडारात काय, नाणी मोजताना विचित्र छापेचे एखादे नाणे हाती येतेच. अशी नाणी लाखाला विकली जातात, असा संदेश मोबाइलवर फिरत असतो आणि घरातील तरुण ते बाजूला काढून ठेवतो.

खरा प्रश्न एकच: दोष नाणे घडताना आला की घडल्यानंतर? टांकसाळीत धातूच्या पट्टीतून कोऱ्या चकत्या कापतात, त्यांची कड उचलतात आणि कड्यात धरून दोन ठशांमध्ये दाबतात. यातील पायरी चुकली तरच ती टांकसाळीची चूक.

संग्राहक ज्याला ‘लखी’ म्हणतात ते नाणे पाहावे. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले की पुढच्या चकतीवर एका बाजूस नेहमीची छाप आणि दुसऱ्या बाजूस तीच छाप उलटी व खोलगट उमटते. दोन नाणी शेगड्यात दाबूनही उलटी अक्षरे आणता येतात. पण तेथे मूळ छापेच्या खुणा राहतात आणि मागची बाजू चेपते. ठशाला तडा गेला तर नाण्यावर उंच रेघ येते, ओरखडा मात्र खोल असतो. कापताना शेजारच्या भोकावर घाव पडला तर चकतीला चंद्रकोरीसारखी खाच पडते व बहुधा समोरची कडही फिकी उमटते. कानशीने घासलेल्या नाण्यात तसे होत नाही. रुळावर चपटे झालेले नाणे, दमट हवेचा काळेपणा, दागिन्याच्या कडीचा डाग, ही सारी इजाच.

वजनकाटाही उपयोगी पडतो. २०११ च्या मालिकेतील २ रुपयांचे नाणे ४.८५ ग्रॅमचे आहे. कड्याबाहेर पसरलेले नाणे रुंद असूनही वजनात पुरे भरते. आम्लात झिजवलेले हलके ठरते.

नाणेपरीक्षा जैनांना परकी नाही. दिल्लीच्या टांकसाळीशी संबंधित ठक्कुर फेरू या श्रावकाने १३१८ च्या सुमारास ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ लिहिला. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सलच्या जागी नकली खपवणे, गणला आहे. ठोकून वाकवलेले नाणे ‘चुकीचे’ म्हणून विकणे त्यातच येते.

विकणाराही फसतो. जुनी नाणी-नोटा विकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क, कमिशन वा कर मागणाऱ्यांविषयी बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जनतेला सावध केले. असा व्यवहार बँक करीत नाही आणि तसा अधिकारही तिने कोणाला दिलेला नाही. संशयास्पद नाणे धुऊ वा घासू नये, कागदी पाकिटात ठेवून जाणकारास प्रत्यक्ष दाखवावे.