मोटारगाडीचें स्टिअरिंग कां अडतें?

मोटारगाडी वाटेंत बंद पडली तर प्रवाशांची गैरसोय होते, पण सहसा कोणाच्या जीवावर बेतत नाहीं. जी गाडी उत्तम धांवत आहे, जिचें इंजिन निरोगी आहे, ब्रेक शाबूत आहेत, परंतु जिचें स्टिअरिंग मधूनच क्षणभर अडतें, ती अधिक भयप्रद होय. बंद पडलेल्या गाडीवर कोणी विसंबत नाहीं. धांवत्या गाडीवर मात्र सारे कुटुंब निश्चिंतपणें बसलेलें असतें. अमेरिकेंतील हजारों मोटारमालकांस अलीकडे असाच अनुभव आला. त्याचें कारण काय, तें सांपडण्यास वेळ कां लागला, आणि त्यापासून आपण काय शिकावें, हें आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगण्याचा येथें विचार आहे.

ही तक्रार मुख्यतः होंडा कंपनीच्या सिव्हिक या गाडीच्या २०२२ सालापासूनच्या नमुन्यांविषयीं निघाली. तिचें स्वरूप चमत्कारिक होतें. गांवांत गाडी निर्दोष चाले. गल्लीच्या कोपर्‍यावर वळवा, अरुंद जागेंत मागें-पुढें करून उभी करा, स्टिअरिंग लोण्यासारखें फिरे. परंतु महामार्गावर सरळ रेषेंत बराच वेळ वेगानें गेल्यावर मात्र तें मध्यावरच चिकटल्यासारखें होई. दिशा किंचित् सुधारावी म्हणून चालकानें बोटभर जोर द्यावा, तर चाक हलूं नये. आणखी जोर द्यावा, तर तें एकदम सुटून हवें त्याहून अधिक फिरावें. मग उलट दिशेनें तीच कसरत. असें करीत गाडी आपल्या पट्ट्यांत नागमोडी चाले.

आतां कोणी विचारील, कीं सरळ रस्त्यावर स्टिअरिंग फिरवावयाचेंच कशाला? ज्यांनीं स्वतः गाडी हांकलेली नाहीं त्यांचा असा समज असतो, कीं सरळ जातांना चालक नुसता चाक धरून बसतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. रस्ता मधोमध उंच व कडेस उतरता असतो, वारा बाजूनें ढकलतो, शेजारून मोठा ट्रक गेला कीं हवेचा झोत लागतो. या सर्वांमुळें गाडी क्षणोक्षणीं थोडी भरकटते आणि चालकाचा हात नकळत तिला पुन्हां मार्गावर आणतो. अनुभवी चालकास हें आपण करितों याचें भानही नसतें.

या बारीक दुरुस्त्यांचें मोल गणितानें पाहूं. ताशीं १०० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें २८ मीटर अंतर कापते. तिचें तोंड रस्त्याच्या रेषेपासून फक्त एक अंश वळलेलें राहिलें, तर एका सेकंदांत ती जवळजवळ अर्धा मीटर बाजूस सरकते. अमेरिकेंतील महामार्गाचा एक पट्टा सामान्यतः १२ फूट, म्हणजे सुमारें ३.६५ मीटर रुंद असतो. गाडीची रुंदी १.८ मीटर धरली, तर ती मधोमध असतां दोन्ही अंगांस सुमारें ९० सेंटीमीटरच जागा उरते. म्हणजे एका अंशाची चूक दोन सेकंद जरी सुधारली गेली नाहीं, तरी गाडीचीं चाकें शेजारच्या पट्ट्यांत शिरतात. गणिताच्या तासाला एक अंश ही क्षुल्लक गोष्ट वाटते. महामार्गावर ती तशी नसते.

चाक आधीं अडतें आणि मग एकदम सुटतें, याचें कारण घर्षणाच्या एका गुणांत आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर स्थिर टेकलेले असतां त्यांस हलविण्यास जितका जोर लागतो, त्याहून कमी जोर ते सरकूं लागल्यावर पुरतो. पावसाळ्यांत फुगलेला लाकडी खण ओढून पाहिलेल्या कोणासही हें सांगावयास नको. हलक्या हातानें ओढलें तर खण ढिम्म हलत नाहीं. जोर वाढवीत गेलें म्हणजे एका क्षणीं तो धाडकन् बाहेर येतो आणि आंतील दौत-लेखणी भुईवर सांडते. आपला हात त्यावेळीं चुकलेला नसतो. अडलेल्या वस्तूसाठीं लावलेला जोर, ती सुटल्यावर, तिला अधिक होतो इतकेंच.

सायकल चालविणार्‍या मुलांस याचा दुसरा दाखला देतां येईल. हँडलच्या दांड्याच्या मुळाशीं छर्‍यांच्या वाट्या असतात. त्या फाजील आवळल्या तर हँडल फिरतें खरें, पण जड फिरतें. अशा सायकलवर बसून सरळ रेषेंत जाऊं लागलें म्हणजे चांगला सराईत मुलगाही डळमळूं लागतो. मोठें वळण घेणें जमतें, सरळ जाणेंच कठीण पडतें. कारण तोल सांभाळण्यास लागणारे हाताचे बारीक हेलकावे त्या आवळलेल्या वाट्या होऊं देत नाहींत. महामार्गावर अडणार्‍या स्टिअरिंगची व्यथा नेमकी हीच आहे.

आतां गाडीच्या आंत डोकावूं. पूर्वीच्या गाड्यांत पुढचीं चाकें वळविण्याचा सारा भार चालकाच्या दंडांवर पडे. १९५१ सालीं अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीनें तेलाच्या दाबानें मदत करणारें स्टिअरिंग आपल्या इंपीरियल गाडीस बसवून विक्रीस आणलें. १९८८ सालीं जपानांतील सुझुकी कंपनीच्या सर्व्हो या लहान गाडीस विजेच्या मदतीचें स्टिअरिंग मिळालें, आणि आज बहुतेक नव्या गाड्यांत विजेचीच योजना असते. चालकानें चाक फिरविलें कीं दांड्यास किती पीळ पडला हें एक उपकरण मोजतें, आणि त्या मानानें विजेची एक लहान मोटर चाकें वळविण्यास हातभार लावते.

ही मोटर वेगानें फिरणारी पण अल्प जोराची असते. म्हणून कांहीं रचनांत तिच्या टोंकाशीं मळसूत्राचे आटे असलेला दांडा बसवितात व त्या आट्यांत एका मोठ्या दातेरी चाकाचे दांते अडकवितात. मळसूत्र अनेक वेळां फिरावें तेव्हां तें चाक एकदां फिरतें. वेग घटतो आणि जोर वाढतो. आवाज होऊं नये म्हणून त्या चाकाचे दांते बहुधा प्लॅस्टिकचे करितात. दोहोंमध्यें ढिलाई राहूं नये म्हणून एक स्प्रिंग मळसूत्रास चाकावर दाबून धरिते, आणि घर्षण कमी करण्याकरितां मध्यें ग्रीसचा थर असतो.

सिव्हिकच्या बाबतींत उणीव या दातेरी चाकाच्या घडणींत राहिली होती. गाडी चालत असतां चाक आणि मळसूत्र यांमधील घर्षण त्यामुळें वाढत जाई. प्लॅस्टिक हें पोलादाहून उष्णतेनें अधिक प्रसरण पावतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तापलेल्या गाडीशीं या दोषाचा संबंध कसा जुळतो तें समजेल. खण पावसानें फुगतो, हें चाक उष्णतेनें फुगतें. फुगलेलें चाक आणि त्यावर दाबून बसलेलें मळसूत्र यांमध्यें ग्रीसला जागा कमी उरते.

गांवांत हा दोष कां जाणवत नसे, याचाही उलगडा आतां होतो. गांवांत चाक डावी-उजवीकडे पुरतें फिरतें, त्यामुळें ग्रीस सर्व दांत्यांस लागत राहतें. शिवाय तेथें चालकाचा जोर अधिक लागतो, पीळ अधिक पडतो, आणि मोटरही भरपूर मदत करिते. त्या मोठ्या जोरांत थोडेंसें घर्षण बुडून जातें. महामार्गावर मात्र मध्याजवळचे तेच ते दोन-चार दांते मळसूत्राशीं भिडून राहतात, आणि चालकाचा जोर इतका अल्प असतो, कीं मोटरची मदतही नाममात्र मिळते. तेव्हां जें घर्षण गांवांत लपलें तेंच येथें हातास लागतें.

यामुळेंच दोष सांपडण्यास वेळ लागला. मालक गाडी कारखान्यांत नेई तोंवर ती थंड झालेली असे. कारागीर ती आवारांत फिरवून पाही. स्टिअरिंग सुरेख फिरे. मग दोष गाडींत नसून मालकाच्या मनांत आहे असें कोणास वाटलें तर नवल नाहीं. शिवाय या नव्या गाड्यांत पट्ट्याबाहेर जाऊं लागलेल्या गाडीस आपोआप आवरणारी योजनाही असते व तीही स्टिअरिंगवर हलका जोर लावते. म्हणून अडखळण्याचें खापर तिच्यावरही फुटूं शकतें.

तरी मालकांनीं आपला अनुभव लिहून कळविण्याचें सोडलें नाहीं. अमेरिकेंत महामार्गावरील वाहनांची सुरक्षितता पाहणारें एक सरकारी खातें आहे. कोणीही सामान्य मनुष्य तेथें आपल्या गाडीविषयीं तक्रार नोंदवूं शकतो, आणि ती तक्रार नांव गाळून सर्वांस वाचावयास खुली राहते. अशा १४५ तक्रारी जमल्यावर त्या खात्यानें मार्च २०२३ मध्यें प्राथमिक चौकशी आरंभिली, आणि त्याच वर्षीं तिला अधिक सखोल तपासाचें रूप दिलें. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्यें होंडा कंपनीनें अमेरिकेंतील सुमारें १७ लाख गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलाविल्या. त्यांत सिव्हिकच नव्हे, तर सीआर-व्ही, एचआर-व्ही, आणि अॅक्युरा नांवानें विकली जाणारी इंटिग्रा याही गाड्या होत्या. उपाय पाहिला तर साधाच: मळसूत्रास दाबणारी स्प्रिंग बदलून सुधारलेली बसवावयाची, आणि ग्रीस सर्वत्र पसरावयाचें किंवा नवें घालावयाचें. मालकास त्याचा खर्च नाहीं.

स्टिअरिंग अडण्याचें कारण प्रत्येक गाडींत हेंच असतें असें मात्र कोणी समजूं नये. टायरांत हवा कमी असली तर स्टिअरिंग जड होतें. स्टिअरिंगच्या दांड्यांतील सांधा गंजला, पुढच्या चाकांचे गोल सांधे कोरडे पडले, किंवा तेलाच्या दाबावर चालणार्‍या जुन्या रचनेंत तेल कमी झालें, तरीही तें अडतें. निरोगी गाडीची एक खूण सर्वांनीं लक्षांत ठेवावी. वळण संपल्यावर हात सैल सोडला, कीं स्टिअरिंग आपण होऊन मध्याकडे परत येतें. तें येईनासें झालें, वाटेंत कोठें थबकूं लागलें, तर गाडी तपासणीस नेण्याची वेळ आली असें समजावें.

धांवत्या गाडींत असा प्रसंग आला तर काय करावें, हेंही सांगणें अगत्याचें आहे. चाक दोन्ही हातांनीं घट्ट धरावें, पण हिसका देऊं नये; हिसक्यानेंच गाडी पट्ट्याबाहेर जाते. पाय हळूहळू उचलून वेग उतरवावा, मागील वाहनांस इशारा द्यावा, आणि कडेस सुरक्षित जागीं थांबावें. गाडी चालत असतां किल्ली मात्र कदापि फिरवूं नये. इंजिन बंद केलें तर स्टिअरिंगची मदत जाते, आणि किल्ली काढली तर कित्येक गाड्यांत तें कुलूप लागून पुरतेंच अडकतें.

आपल्या देशांतही या बाबतींत आतां कायद्याचा आधार आहे. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं दुरुस्ती होऊन सदोष गाड्या परत बोलाविण्यास कंपनीस भाग पाडण्याचा अधिकार सरकारास मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांहून कमी वयाच्या गाड्यांस ते लागू असून, एकाच जातीच्या गाडीविषयीं ठराविक प्रमाणांत तक्रारी आल्या म्हणजे कार्यवाही होऊं शकते. कंपन्या आपण होऊनही असें करितात: जुलै २०२३ मध्यें मारुती सुझुकीनें एस-प्रेसो आणि ईको या जातींच्या ८७,५९९ गाड्या स्टिअरिंगच्या एका दांड्यांत दोष असण्याचा संभव दिसल्यानें तपासणीस बोलाविल्या. अशा वेळीं आपल्या गाडीचा चॅसिस क्रमांक देऊन ती त्या यादींत आहे किंवा नाहीं हें पालकांनीं विचारून घ्यावें, आणि असल्यास दुरुस्ती लांबणीवर टाकूं नये.

परंतु कायदाही तक्रारीवांचून जागा होत नाहीं, आणि ‘गाडी कशीशीच चालते’ एवढ्या तक्रारीनें कारागिराच्या हातीं कांहीं लागत नाहीं. वेग किती होता, किती वेळ सरळ रस्त्यानें आलों होतों, ऊन होतें कीं गारवा, चाक मध्यावर अडलें कीं वळणांत, किती वेळां अडलें, हें टिपून दिलें तर तोच कारागीर गाडी आवारांत न फिरवितां महामार्गावर नेऊन पाहील. चालकानें दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवावयाचे असतात, तेव्हां हें टिपण्याचें काम त्याचें नव्हे. तें शेजारीं किंवा मागें बसलेल्या मुलांनीं करावें. सुट्टींत घरच्यांबरोबर गाडीनें गांवीं जातांना वडील, काका किंवा गाडीवान ‘आज स्टिअरिंग कांहीं अडतें आहे’ असें म्हणाले, तर तें ऐकून सोडून देऊं नये. वहींत वेळ व ठिकाण लिहून ठेवावें, आणि गांवीं पोंचल्यावर तें पान त्यांच्या हातीं द्यावें.